अनुराधपुराला तीन तास पुरत नाहीत

संपादक महोदय,

श्रीलंकेच्या धम्मयात्रेची पत्रके चाळली तर आखणी जवळपास सारखीच आढळते. कोलंबोला उतरून केलनिया, दुसऱ्या दिवशी बसने अनुराधपूर, तिथून त्याच संध्याकाळी दंबुल्ला, पुढे कँडी, मग नुवारा एलियाचे चहाचे मळे आणि शेवटी खरेदी. कोलंबोहून अनुराधपूर सुमारे २०० किलोमीटर. सकाळी आठला निघालेली बस पोहोचते दुपारी एकच्या सुमारास, आणि चारला पुढे निघते. म्हणजे तेराशे वर्षांहून अधिक काळ सिंहलांची राजधानी असलेल्या नगरीच्या वाट्याला तीन तास येतात, तेही अनवाणी चालता येणार नाही अशा उन्हाचे. आयोजकांना आणि यात्रेकरूंना आमची विनंती आहे की चहाचा मळा गाळा, खरेदी कमी करा, पण अनुराधपुरात किमान दोन रात्री, जमल्यास तीन, मुक्काम करा. तिथे वेळ का लागतो आणि तो कसा वापरावा, हे या पत्रात सांगतो.

मराठी माणसाचे या जागेशी नाते जुने आहे. तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या तिसऱ्या धम्मसभेनंतर, धम्मप्रसारासाठी जे थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू निरनिराळ्या प्रदेशांत गेले त्यांची यादी लंकेच्या ‘महावंस’ या प्राचीन पाली इतिहासग्रंथात आहे. त्या यादीत महारट्ठ देशी महाधम्मरक्खित, अपरान्तात म्हणजे कोकणपट्टीत धम्मरक्खित आणि लंकेला सम्राट अशोकाचा पुत्र महिंद, अशी नावे येतात. त्याच ग्रंथानुसार लंकेचा पहिला राजा मानलेल्या विजयाचे गलबत लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारक बंदराला, आपल्या नालासोपाऱ्याला, लागले होते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याचे लंकेत उतरणे रंगवलेले आहे. यात्रेला निघण्याआधी ज्यांना शक्य आहे त्यांनी ते चित्र पाहून घ्यावे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही अनुराधपुरातल्या वृक्षाच्या फांदीचा, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेला.

आता वंदनेचा क्रम. आपल्या विहारांत म्हटली जाणारी एक गाथा सगळ्यांना पाठ असते: ‘वन्दामि चेतियं सब्बं सब्बट्ठानेसु पतिट्ठितं, सारीरिकधातु महाबोधिं बुद्धरूपं सकलं सदा.’ आपण ती एका दमात म्हणून टाकतो. सिंहली उपासक तिच्यातला क्रम पायांनी पाळतो. विहारात शिरल्यावर आधी बुद्धांचे धातू म्हणजे शरीरावशेष असलेला स्तूप, मग बोधिवृक्ष, आणि सर्वांत शेवटी मूर्तीचे घर. शरीरधातू सर्वांत जवळचे, ज्या वृक्षाखाली बोधी मिळाली तो बुद्धांच्या वापरातला, मूर्ती ही केवळ आठवण, असा त्यामागचा विचार. आपले गट बसमधून उतरले की थेट मूर्तीकडे धावतात आणि स्तूपाला मागे ठेवून फोटो काढतात. गाथा मनात ठेवून चालले तर कुठून सुरुवात करायची हे वाटाड्याला विचारावे लागत नाही.

अनुराधपुरात आठ पूज्य स्थाने मानतात, त्यांना ‘अटमस्थान’ म्हणतात: श्री महाबोधी (बोधिवृक्ष), रुवनवेलिसाय, थूपाराम, लोवामहापाय, अभयगिरी, जेतवन, मिरिसवेटिय आणि लंकाराम. अभयगिरीपासून बोधिवृक्षापर्यंतच चारेक किलोमीटर अंतर आहे. सगळे एका दिवसात उरकायचे तर प्रत्येक ठिकाणी बूट काढण्याघालण्यातच निम्मा वेळ जातो. पहिल्या संध्याकाळी रुवनवेलि आणि बोधिवृक्ष, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दहा अभयगिरी, जवळचे कुट्टम पोकुण हे जुळे तलाव, समाधी मूर्ती आणि लंकाराम, दुपारी विश्रांती, चारनंतर थूपाराम आणि जेतवन, आणि तिसऱ्या पहाटे जवळची मिहिंतले टेकडी. एवढे ठेवले तर माणसे थकत नाहीत आणि फारसे काही निसटतही नाही.

स्तूप कसा पाहायचा हे कोणी सांगत नाही, म्हणून तो ‘मोठा पांढरा घुमट’ एवढाच लक्षात राहतो. खालून वर नजर न्यावी. बाहेरचे वाळूचे अंगण म्हणजे वेलि मळुव, आतली दगडी फरसबंदी म्हणजे सलपतल मळुव. प्रदक्षिणा या फरसबंदीवरून, उजवा खांदा स्तूपाकडे ठेवून. मग तीन पायऱ्यांसारखी वर्तुळे, पेसावळलु. त्यांवर घुमट, म्हणजे गर्भ. घुमटावर चौकोनी हतरॅस कोटुव, त्यावर गोल देवता कोटुव, मग निमुळता होत जाणारा कळस आणि टोकाला स्फटिकाचा चूडामणी. चार दिशांना पायथ्याशी कोरीव दगडी दर्शनी भाग असतात, त्यांना वाहल्कड म्हणतात. फुले इथे वाहतात. मिहिंतलेच्या कंटक चेतियाचे वाहल्कड फार चांगले टिकले आहे; हत्ती, हंस आणि बुटके गण यांच्या ओळी तिथे वाचता येतात.

घुमटाचे आकारही ठरलेले आहेत: घंटा, घट, पाण्याचा बुडबुडा, धान्याची रास, कमळ आणि आवळा. रुवनवेलि बुडबुड्याच्या आकाराचा आहे. दुट्ठगामणी राजाने (इ.स.पूर्व दुसरे शतक) गवंड्याला विचारले, आकार कसा देशील? त्याने सोन्याच्या भांड्यात पाणी भरले, ओंजळीतले पाणी त्यावर सोडले, मोठा बुडबुडा उठला, आणि तो म्हणाला, असा. ही कथा ‘महावंसा’तली. पण तिच्या आधीचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. राजाने आधी इतर गवंड्यांना विचारले होते, शंभर मजुरांनिशी दिवसाला विटांमधल्या दर्जांसाठी (सांध्यांसाठी) किती वाळू वापरशील? एक म्हणाला एक गाडाभर, दुसरा त्याच्या निम्मी. राजाने सगळ्यांना नाकारले. शेवटचा म्हणाला, मी वाळू उखळात कुटीन, चाळीन, जात्यात दळीन आणि एकच अम्मण माप वापरीन. राजाने त्याला काम दिले, कारण मग आपल्या चैत्यावर गवत उगवणार नाही.

वीटकामात काय बिघडते याचे हे जुने आणि अचूक निदान आहे. दोन विटांमधली दर्ज जाड आणि भरड असली की तिथे ओल आणि माती साठते. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते, मूळ दर्जेत शिरते आणि पाचराप्रमाणे विटा फाकवते. पिंपळ पूज्य म्हणून उपटायला माणसे कचरतात. उपटला तरी मूळ आत राहते, पुन्हा फुटते, आणि उपटताना चार विटा सैल होतात ते वेगळेच. योग्य रीत म्हणजे रोप बोटभर असतानाच कापणे, मूळ मारणे आणि मोकळी दर्ज चुन्याच्या मऊ गिलाव्याने भरणे. आपल्याकडच्या जुन्या वीटकामालाही हे तंतोतंत लागू आहे.

पायाचे वर्णनही वाचण्यासारखे आहे. गोल दगड घणाने फोडून पसरले, पायांना चामडे बांधलेल्या हत्तींकडून ते तुडवून घेतले, त्यावर ‘नवनीत’ म्हणजे लोण्यासारखी मऊ माती, मग विटा, लोखंडाची जाळी, आणि वरच्या थरांत कवठाचा डिंक नारळाच्या पाण्यात कालवून, अशी यादी आहे. दुट्ठगामणी मृत्युशय्येवर असताना काम अपुरेच होते. भाऊ सद्धातिस्साने शिंप्यांकडून पांढरे कापड शिवून घेतले, बांबूचा कळस उभारला आणि स्तूप पूर्ण झाल्याचे राजाला दाखवले. आज रुवनवेलिच्या फरसबंदीवर उभे राहून वर पाहताना हा प्रसंग आठवला तर तो पांढरा रंग वेगळा दिसतो.

अकराव्या शतकात राजधानी सुटली आणि हे स्तूप झाडांनी झाकलेल्या टेकड्या झाले. थूपाराम, जिथे परंपरेनुसार बुद्धांच्या गळपट्टीच्या हाडाचा धातू आहे आणि जो महिंदांच्या आगमनानंतरचा पहिला स्तूप मानतात, तो मूळचा धान्याच्या राशीसारखा होता. १८६२ च्या जीर्णोद्धारात त्याला घंटेचा आकार दिला गेला. भोवतीच्या दगडी खांबांच्या रांगा मात्र जुन्या आहेत. त्यांनी पूर्वी छप्पर तोलले होते. रुवनवेलिचे काम एकोणिसाव्या शतकात भिक्खूंनी हाती घेतले आणि कळस चढायला १९४० उजाडले. मिरिसवेटिय १९८७ मध्ये जीर्णोद्धार चालू असतानाच कोसळला आणि १९९३ मध्ये पुन्हा उभा राहिला. झिजलेल्या जुन्या गाभ्यावर नवे जड कवच चढवणे हे नेहमीच जोखमीचे काम असते. दोन्ही एकमेकांत गुंतले नाहीत तर पावसाचे पाणी मधल्या फटीत उतरते आणि कवच सुटे होते. सिमेंट वापरले तर आणखी वाईट, कारण ते कडक असते आणि आतली ओल बाहेर पडू देत नाही. मग क्षार जुन्या मऊ विटेत साचून तिचे पापुद्रे निघतात.

म्हणून जेतवन आणि अभयगिरी पांढरे का नाहीत, असे विचारणाऱ्यांना उत्तर असे की ते उपेक्षित नाहीत. १९८० नंतरच्या, प्राचीन नगरांच्या जतनासाठीच्या सांस्कृतिक त्रिकोण प्रकल्पात तिथे जे उरले आहे तेच सांभाळायचे, असे धोरण ठेवले गेले. जेतवन तिसऱ्या शतकाच्या शेवटी महासेन राजाने सुरू केला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर, आज सुमारे ७१. त्यात ९ कोटींहून अधिक विटा आहेत. गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर प्राचीन जगात याहून उंच काही नव्हते. इतकी मोठी गोष्ट आपल्या गटांना बसच्या खिडकीतून दाखवली जाते, याचे वाईट वाटते.

अभयगिरीच्या परिसरात चंद्रशिला पाहावी. श्रीलंकेत तिला सँडकड पहण म्हणतात. पायरीच्या पुढे ठेवलेला अर्धवर्तुळाकार दगड. बाहेरून आत ज्वाला, मग हत्ती, घोडा, सिंह आणि बैल यांची रांग, मग वेल, हंस आणि मध्ये अर्धे कमळ. अनुराधपुरात चारही प्राणी एकाच पट्ट्यात असतात. पुढच्या राजधानीत, पोलोन्नरुवात, त्यांचे पट्टे वेगळे झाले आणि बैल गळाला. हा एवढा फरक ठाऊक असला तरी दोन्ही नगरांतला काळ डोळ्यांना दिसतो. चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकात याच बेटावर दोन वर्षे राहिले. अभयगिरीच्या मूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा पाहून घराच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून आले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

बोधिवृक्षाजवळ काय करू नये हे आधी. पान तोडू नये, गळलेलेही कुणाच्या हाताखालून ओढून घेऊ नये, आणि कुंपणाला लोंबकळून फोटो काढू नये. मूळ वृक्ष सर्वांत वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कुंपणाच्या आत आहे आणि त्याच्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत. भोवतीची मोठी झाडे त्याला वाऱ्यापासून आडोसा देणारी आहेत. अनेकजण त्यांनाच मूळ वृक्ष समजून परत येतात. अशोककन्या संघमित्रा थेरींनी इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेल्या फांदीचा हा वृक्ष. माणसाने लावलेला आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेला इतका जुना दुसरा वृक्ष जगात नोंदलेला नाही. बोधगयेचा मूळ वृक्ष नष्ट झाला, पुन्हा लावला गेला. इथे मात्र परंपरा तुटली नाही. सारनाथला १९३१ मध्ये लावलेले रोपही इथूनच गेले. रोप घरी न्यायचा मोह होतो, पण वनस्पती आणायला आयातीचा परवाना आणि तिकडचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. नसेल तर विमानतळावर ती जप्त होते. शेजारचे लोवामहापाय म्हणजे ४० च्या ४० रांगा, १६०० दगडी खांब. एके काळी यांवर नऊ मजली उपोसथगृह, म्हणजे भिक्खूंचे एकत्र जमण्याचे सभागृह, होते.

आता पायांबद्दल, कारण यात्रा तिथेच फसते. स्तूपाचे आणि बोधीचे सारे आवार अनवाणी चालायचे. सकाळी नऊनंतर दगड तापतो, बारापर्यंत त्यावर पाय ठेववत नाही, आणि ज्येष्ठ मंडळी अर्ध्या प्रदक्षिणेतून परततात. जाड सुती पांढरे मोजे चालतात, ते जवळ ठेवावेत. टोपी काढावीच लागते. गटाने घातलेल्या निळ्या टोप्याही आत जाताना पिशवीत जाव्यात. चपला ठेवण्याच्या जागेबद्दल एक साधी गोष्ट विसरली जाते: एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर पडलात की परतीची वाट डांबरी रस्त्यावरून अनवाणी येते. त्यासाठी प्रत्येकाने चपलांची कापडी पिशवी स्वतःबरोबर घ्यावी. कपडे पांढरे, खांदे आणि गुडघे झाकणारे. बुद्धाचे चित्र छापलेला शर्ट घालू नये आणि अंगावर तसे गोंदण असेल तर झाकावे. यावरून परदेशी पर्यटकांना परत पाठवल्याचे प्रसंग घडले आहेत. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे गंभीर अपमान मानतात.

फुले बाहेरच मिळतात: कमळ, निळे कुमुद म्हणजे निल मानेल, आणि चाफा. कमळाच्या कळीच्या पाकळ्या एकेक हलक्या हाताने दुमडून ती उमलवतात. विकणाऱ्या बाई विचारले तर करून दाखवतात. फुलाचा वास घेऊ नये. वाहण्याआधी त्यावर थोडे पाणी शिंपडतात. गाथा तीच, ‘वण्णगन्धगुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं, पूजयामि मुनिन्दस्स सिरीपादसरोरुहे.’ चाल वेगळी असली तरी शब्द तेच आहेत, तेव्हा शेजारी बसलेल्या कुटुंबाबरोबर हळू आवाजात म्हणायला काहीच हरकत नाही. शेवटी ‘साधु, साधु, साधु’. घोषणा बाहेर रस्त्यावर द्याव्यात. दिवे खोबरेल तेलाचे आणि ठेवलेल्या लोखंडी चौकटींवरच लावायचे. दगडी कोनाड्यात किंवा विटांच्या आडोशाला लावलेल्या दिव्याची काजळी आणि तेल दगडात मुरते, मग ते निघत नाही. भिक्खूंना दान द्यायचे तर भोजन अकराच्या आत पोहोचवावे, कारण मध्यान्हानंतर ते जेवत नाहीत. 

मिहिंतले अनुराधपुरापासून पूर्वेला बारातेरा किलोमीटर. इथे महिंद आणि देवानंपियतिस्स राजाची भेट झाली, ज्येष्ठ पौर्णिमेला, तिकडच्या पोसोनला. एकूण १८४० पायऱ्या, पण रुंद आणि चढ सौम्य. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना वरच्या वाहनतळापर्यंत तीनचाकीने न्यावे, बराच चढ वाचतो. पायथ्याशी जुन्या रुग्णालयाचे अवशेष आहेत, त्यात माणसाच्या आकाराची दगडी द्रोणी आहे. औषधी तेलात रोग्याला झोपवण्यासाठी ती वापरत. वर अंबस्थल. महिंदांनी राजाला विचारले, हे झाड कोणते? आंबा. याशिवाय आंबे आहेत का? पुष्कळ. आंब्याशिवाय झाडे? तीही पुष्कळ. ते आंबे आणि ती झाडे सोडून आणखी काही? राजा म्हणाला, हाच आंबा. इतक्यावर थेरांना कळले की हा माणूस धम्म समजू शकेल. गटातल्या मुलांना ही कथा तिथेच, त्या जागी सांगावी. माकडे आहेत, खाऊ हातात नको.

दंबुल्ल्याहून कँडीला जाताना मातळेजवळ अलुविहार हा गुहाविहार लागतो. बहुतेक बसगाड्या तो ओलांडून मसाल्याच्या बागेत थांबतात. इ.स.पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, तोंडी चालत आलेले तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा संग्रह, परंपरेनुसार याच गुहांत ताडपत्रांवर लिहिले गेले. दुष्काळात आणि युद्धात पाठांतर करणारे भिक्खूच उरणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. इंग्रजांविरुद्धच्या १८४८ च्या बंडाच्या वेळी इथले ग्रंथालय नष्ट झाले. पाने उकळून, वाळवून, घासून कशी तयार करतात आणि कोरलेल्या अक्षरांत काजळी चोळून ती कशी उठवतात, हे तिथे पाहायला मिळते. एक तास पुरतो. पाली गाथा म्हणणाऱ्या माणसाने इथे न थांबणे योग्य नाही.

कँडीच्या दळदा माळिगावात, म्हणजे बुद्धांच्या दंतधातूच्या मंदिरात, पूजा पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास होतात. दार तेव्हाच उघडते आणि आत दिसतो तो करंडक, दंतधातू नव्हे. हे आधी सांगितले नाही तर माणसे हिरमुसतात. तासभर आधी रांगेत उभे राहावे. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब कँडीला आले होते, आणि त्याच दौऱ्यात कोलंबोला त्यांनी भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर भाषण केले. वाटाड्याला याची माहिती असतेच असे नाही. आयोजकांनी गटाला ती कँडीत द्यावी.

सोळा पूज्य स्थानांची, ‘सोळोस्मस्थान’ची, यादी हातात घेऊन आठ दिवसांत सगळी उरकायच्या नादी लागू नये. नागदीप उत्तरेला जाफन्यापलीकडे बेटावर, श्रीपाद डोंगराची चढाई डिसेंबर ते मे या काळातच सोयीची. त्यांची वेगळी यात्रा करावी. पौर्णिमेला तिकडे सुटी असते, त्या दिवशी मद्य आणि मांस विकत नाहीत. पोसोनला अनुराधपुरात आणि मिहिंतलेला प्रचंड गर्दी लोटते, रस्तोरस्ती मोफत जेवणाची ‘दन्सल’ लागते. ती पाहायची इच्छा असेल तर राहण्याची सोय कित्येक महिने आधी करावी. शांतपणे बसायचे असेल तर पौर्णिमा टाळावी. तिकीट घेताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, कारण पुरातत्त्व स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना वेगळा, कमी दर मिळतो आणि छायाप्रतीवर तो नाकारला जाऊ शकतो. आणि आवारात कोणी जुने नाणे, जुनी वीट किंवा ‘उत्खननातली’ मूर्ती विकायला आणली तर घेऊ नका. ५० वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि विटेचा एक तुकडाही त्यात मोडतो.

आपले,
पाली आणि स्तूपस्थापत्याचे दोन अभ्यासक, नागपूर